गाडीत हलकं ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील बसवताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

फ्लायव्हीलसाठी मी गिअरबॉक्स आजवर तीनदा उतरवला आहे. पहिल्यांदा माझ्या जुन्या मारुती एस्टीमला हलकं फ्लायव्हील बसवायला, दुसऱ्यांदा पहिल्या वेळची चूक निस्तरायला आणि तिसऱ्यांदा मावसभावाच्या गाडीसाठी. तिन्ही वेळा जागा तीच, इंदूरला राजेंद्रनगरातल्या आमच्या घराचं अंगण. तिसऱ्या वेळी काम एका सुट्टीत, शांतपणे आणि एकदाही पाना न आपटता झालं. ते तसं का झालं, ते नव्या माणसाच्या हाताशी असावं म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. इंजिन जेवढे हॉर्सपॉवर आधी देत होतं तेवढेच नंतरही देतं. बदलतो तो त्याचा स्वभाव. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चटकन चढतो, पाय उचलला की चटकन उतरतो. हे तुम्हाला हवं आहे का, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. मॉलपर्यंत जाऊन परत येणं एवढाच गाडीचा उपयोग असेल, तर मी तुम्हाला हे काम करू नका असंच सांगेन.

फ्लायव्हील नेमकं काय करतं

घरी पायाचं शिलाई मशीन असेल तर त्याच्या खालचं मोठं लोखंडी चाक आठवा. पाय एका ठरावीक वेळी दाब देतो, पण सुई मात्र सारखी चालते, कारण मधल्या वेळात ते चाक स्वतःच्या वजनाने फिरत राहतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. दोन स्फोटांच्या मधल्या वेळात क्रँकला पुढे ओढून नेण्याचं काम फ्लायव्हीलचं. शिवाय क्लच प्लेट त्याच्याच पृष्ठभागाला चिकटते, आणि स्टार्टर मोटर त्याच्याच कडेच्या रिंग गिअरला फिरवून इंजिन चालू करते. म्हणजे एकाच तबकडीवर तीन कामं. यातलं पहिलं काम आपण मुद्दाम थोडं कमी करतो आहोत, बाकीच्या दोन कामांना मात्र किंचितही धक्का लागता कामा नये.

स्टीलची घनता ७.८५ आणि ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच आकाराची तबकडी जवळजवळ एक तृतीयांश वजनात होते. प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही, कारण रिंग गिअर स्टीलचाच ठेवावा लागतो आणि क्लच जिथे घासतो तिथेही स्टीलची चकती लावावी लागते. नुसत्या ॲल्युमिनियमवर क्लच घासला तर पृष्ठभाग लगेच खरवडून निघेल. शिवाय या कामाला नेहमी वापरतात तो ६०६१-टी६ मिश्रधातू दोनशे अंशांच्या पुढे तापला की त्याची ताकद झपाट्याने उतरते. छोट्या पेट्रोल गाडीचं मूळ फ्लायव्हील साधारण सहा ते आठ किलोचं असेल, तर ॲल्युमिनियमचं तीन ते चारच्या आसपास येतं.

पण नुसत्या वजनावर जाऊ नका. वजन मध्यापासून किती लांब आहे याला जास्त महत्त्व, कारण अंतराचा वर्ग धरला जातो. कडेचं एक किलो काढलं तर मध्यातलं एक किलो काढण्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. एक साधा हिशेब सांगतो. तेरा सेंटिमीटर त्रिज्येच्या तबकडीतून साडेतीन किलो सारख्या प्रमाणात कमी झालं, पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४ आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर वेग घेताना गाडीला सुमारे ७५ किलो हलकं झाल्यासारखं वाटतं. एक धडधाकट माणूस गाडीतून उतरला म्हणा ना. पाचव्या गिअरमध्ये मात्र हाच आकडा चार किलोवर येतो. एवढी तर दोन दिवसांची भाजी असते. म्हणून सिग्नलवरून निघताना आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फरक जाणवतो, हायवेवर एकसारख्या वेगात काहीच नाही. आपल्या शेजारी पीथमपूरला गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे. तिथे कोणी तासभर ठरावीक वेगाने गाडी पळवली, तर फ्लायव्हील जड आहे की हलकं हे त्याला कळणारही नाही.

कोणत्या गाडीला हात लावू नये

डिझेल गाडी असेल तर इथेच थांबा. बहुतेक आधुनिक डिझेलमध्ये आणि बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून ती रचना असते. ती काढून एकसंध हलकं चाक बसवलं की ते सगळे हादरे गिअरच्या दातांवर येतात. एएमटी गाडीत क्लच संगणक चालवतो, आणि त्याचं गणित मूळ फ्लायव्हीलच्या वजनावर बसवलेलं असतं. तिथेही नको. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये तर असं फ्लायव्हील नसतंच.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबाबत मी स्वतः सावध आहे. क्रँकचा वेग दर स्फोटाला किती कमीजास्त होतो हे पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मिसफायर (स्फोट नीट न होणं) ओळखतो. फ्लायव्हील हलकं झालं की हा चढउतार वाढतो, आणि इंजिन ठणठणीत असतानाही पी०३०० सारखा मिसफायरचा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. वॉरंटीतली गाडी असेल तर हा विषय वॉरंटी संपेपर्यंत बंद ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते एकदा वाचून घ्या, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. पैसे वाचवायला म्हणून मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर देऊन पातळ करून घेऊ नका. आपल्याकडे सांवेर रोडला एकाहून एक हुशार हात आहेत, तुम्ही सांगाल तेवढं ते छिलून देतील. पण बीड ठिसूळ असतं, आणि फिरताना त्याला फाडू पाहणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ३००० वर जो ताण आहे, तो ६००० वर दुप्पट नाही, चौपट होतो. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे बेल हाउसिंग, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचभोवतीचं आवरण, फोडून बाहेर येतात, आणि ते नेमकं तुमच्या पायांच्या पुढे असतं. ज्या उस्तादांकडून मी डायल गेज (चाक किती डोलतं ते मोजायचं सुईचं उपकरण) उसना आणतो, ते स्वतः तीस वर्षं लेथवर आहेत. मी पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "भिया, बीड को मत छेड़ो." मी छेडलं नाही. विकत घेतानाही एसएफआय १.१ या मानकाची खूण असलेलंच घ्या. फ्लायव्हील आणि क्लच वेगात फुटू नयेत यासाठीचं हे अमेरिकेतलं रेसिंगचं मानक आहे.

नवं फ्लायव्हील हातात आल्यावर

लगेच गाडी उघडायला घेऊ नका. शक्य असेल तर तुमच्याच मॉडेलचं एक जुनं फ्लायव्हील भंगारातून शंभर-दोनशे जास्त देऊन आणा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. ते नाहीच मिळालं तर गिअरबॉक्स खाली आल्यावर आणि काही जोडायच्या आत हे मोजमाप करा.

क्रँकचे बोल्ट जिथे बसतात ती भोकं जुळतात का पाहा. पुष्कळ गाड्यांत त्यातलं एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं, म्हणजे चाक एकाच पद्धतीने बसावं. मधलं मोठं भोक क्रँकच्या उंचवट्यावर घट्ट आणि सरळ बसलं पाहिजे, कारण फ्लायव्हीलला मध्यावर धरतो तो हा उंचवटा. बोल्टांच्या भरवशावर राहू नका. रिंग गिअरचे दात मोजा. हे काम आमच्या बाबांनी केलं. पहिल्या दातावर खडूची खूण केली, मग दर दहा दातांवर एक बारीक रेघ, आणि दोन्ही चाकांचे आकडे वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले. दातांची एक बाजू तिरपी घासलेली असते, तिथून स्टार्टरचा पिनियन आत शिरतो. ती बाजू दोन्ही चाकांवर एकाच दिशेला आहे ना, हेही त्यांनीच दाखवलं. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूपासून क्लच घासतो त्या पृष्ठभागापर्यंतची उंची व्हर्नियरने मोजा. ती मूळ मापापेक्षा कमीजास्त असेल तर क्लच उशिरा किंवा लवकर सुटेल, आणि केबल कितीही ओढली तरी ते सुधारणार नाही. शेवटी काठावर किंवा मागच्या बाजूला क्रँक सेन्सरसाठी खाचा आहेत का ते बघा. काही गाड्यांत सेन्सर फ्लायव्हीलवरच वाचतो. तिथे एखादा दात जरी वेगळा असला तरी गाडी सुरूच होणार नाही. तसंच मूळ चाकाच्या एका बाजूला मुद्दाम जास्त वजन ठेवलेलं असेल, तर तुमच्या इंजिनाचा तोल फ्लायव्हीलवर अवलंबून आहे असं समजा. मग नव्या चाकातही तेवढाच असमतोल असायला हवा. छोट्या पेट्रोल इंजिनांत सहसा असं नसतं, पण बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

सामान आणि तयारी

गिअरबॉक्स खाली येणारच आहे, तर त्या निमित्ताने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील, ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलं आणि फ्लायव्हीलचे नवे बोल्ट एवढं सगळं आधी आणून ठेवा. सीलांचा सगळा खर्च मिळून एका वेळच्या मजुरीपेक्षा कमी असतो. माझी पहिली चूक इथेच झाली. मागचं सील कोरडं दिसत होतं, म्हणून मी ते तसंच ठेवलं. तीन महिन्यांनी भेरूघाटात, पुढे ट्रकांची रांग, दुसरा गिअर, आणि इंजिन ओरडतंय पण गाडी चढत नाहीये. सीलमधून झिरपलेलं तेल क्लच प्लेटवर पोचलं होतं. गाडी खेचून आणली, अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, जेमतेम तीन महिने चाललेली क्लच प्लेट फेकून दिली. हे सगळं एका रबरी कड्यासाठी.

हत्यारांत दोन चांगले जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पान्यांचा पूर्ण संच, टॉर्क रेंच, फ्लायव्हील अडवायचा लॉक, क्लच मध्यावर धरायचं गाइड, डायल गेज आणि ब्रेक क्लीनरचे दोन डबे. टॉर्क रेंचला पर्याय नाही. "हाताला कळतं" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ॲल्युमिनियमचे आटे हाताला कळत नाहीत. सर्व्हिस मॅन्युअल हवंच, आणि त्यातली टॉर्कची एककं नीट बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर दिलेलं असतं आणि बाजारात मिळणाऱ्या रेंचवर न्यूटन-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. ७ किलोग्रॅम-मीटर वाचून रेंच ७ न्यूटन-मीटरवर लावला, तर बोल्ट जवळजवळ सैलच राहील.

सोबत एक माणूस पाहिजे. एकट्याने करू नका. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात तर नकोच. पहाटे सहाला सुरुवात केलेली बरी.

गिअरबॉक्स उतरवताना

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा क्रम सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढची चाकं सैल करून गाडी उचला आणि घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, अगदी नट उचलायलासुद्धा. गिअर ऑइल काढून घ्या. बॉल जॉइंट सोडवून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढा. क्लच केबल, गिअरची जोडणी, रिव्हर्स लाइट आणि स्पीडोमीटरच्या वायरी, स्टार्टर मोटर हे सगळं सुटं करा. प्रत्येक वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा आकार काढतो आणि जो बोल्ट जिथला, तो तिथेच पुठ्ठ्यात खुपसून ठेवतो.

इंजिनाला खालून लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या, मग मागचं आणि बाजूचं माउंटिंग सोडा. गिअरबॉक्स तीस किलोच्या वर असतो. तो दुसऱ्या जॅकवर सरळ रेषेत मागे सरकवा. शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत त्याचं वजन खाली लटकू देऊ नका, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो.

क्लचची काळी धूळ एअर प्रेशरने उडवू नका. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बांधून टाका.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम काढू नका, समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा करत सैल करा. मग फ्लायव्हील लॉक लावून क्रँकचे बोल्ट. शेवटचा बोल्ट काढायच्या आधी दुसऱ्या माणसाचे दोन्ही हात खाली असू द्या. सात किलोचं चाक पायावर पडलं तर काम तिथेच संपतं. जुन्या चाकावर क्लच कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन-तीन डॉवेल पिना असतात. नव्या चाकासोबत त्या आल्या नसतील तर जुन्यातून काढून बसवा.

सील बदलताना क्रँकच्या चकचकीत पृष्ठभागाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागू देऊ नका. तिथे पडलेली एक बारीक रेघ नवं सीलही गळायला लावते. नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत, आणि सगळीकडून सारखं ठोकत बसवा.

सगळं ठरतं ते इथे

क्रँकच्या मागच्या टोकाला जो सपाट गोल भाग दिसतो, त्याला फ्लँज म्हणतात. फ्लायव्हील त्याच्यावर टेकतं. तो डोळ्यांना स्वच्छ दिसतो, आणि इथेच फसगत होते.

मावसभावाच्या गाडीला चाक बसवलं, बोल्ट आवळले, डायल गेजचा पाय ब्लॉकवर लावला आणि सुई क्लचच्या पृष्ठभागावर टेकवली. क्रँक हळूहळू फिरवला. सुई पाव मिलिमीटर गेली आणि परत आली. बहुतेक मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. चाक खराब आहे असं भाऊ म्हणायला लागला. मी चाक काढलं आणि फ्लँजवरून नख फिरवलं. एका बोल्टच्या भोकाच्या काठाशी नख अडलं. जुन्या थ्रेड लॉकचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात त्या द्रवाचा) वाळलेला कण, मोहरीच्या अर्ध्याएवढा. तो ब्लेडने सपाट धरून खरवडला, ब्रेक क्लीनरने पुसला, पुन्हा नख फिरवलं. पुन्हा बसवून मोजलं तर सुई जेमतेम अर्धा दशांश मिलिमीटर हलली. मध्यापासून तीन-चार सेंटिमीटरवरचा तो कण बाहेरच्या काठाला किती डोलवतो, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून फ्लँज साफ करायला दहा मिनिटं नाही, अर्धा तास द्या. बोल्टांची भोकं ब्रेक क्लीनर आणि बारीक ब्रशने साफ करा, पूर्ण कोरडी होऊ द्या. नव्या चाकाची मागची बाजूही पुसा, कारण त्यावर तेलाचा पातळ थर असू शकतो. सँड पेपर फ्लँजवर घासू नका, त्याने सपाटी बिघडते.

चाक बसवताना एक सोपी युक्ती. त्याच आट्याचे दोन लांब बोल्ट आणून त्यांची डोकी कापून टाका. ते समोरासमोरच्या भोकांत हाताने फिरवून बसवा आणि चाक त्यांच्यावरून सरकवा. चाक तिरकं जात नाही, हातही मोकळे राहतात. ते हाताच्या दाबाने पूर्ण टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टाने ओढून टेकवू नका. का टेकत नाही ते शोधा.

बोल्ट नवेच घ्या. बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट आवळताना थोडे ताणले जातात, त्यामुळे ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. आट्यांवर मॅन्युअलमध्ये सांगितलेला थ्रेड लॉक लावा. काही इंजिनांत ही भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात, तिथे सीलंट लावलं नाही तर बोल्टांच्या आट्यांतूनच तेल गळतं. आधी सगळे बोल्ट हाताने टेकवा. मग समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळा: निम्म्या टॉर्कवर, पाऊण टॉर्कवर आणि मग पूर्ण. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगितलं असेल तर तेही करा. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टावर पांढऱ्या पेंटची रेघ मारा. मधेच फोन आला तर कोणता राहिला हे त्या रेघेवरून कळतं.

डायल गेजने मोजताना एक काळजी घ्या. क्रँकला पुढे-मागे सरकायला थोडी जागा असते. फिरवताना चाक एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर सुई ते सरकणं दाखवेल आणि तुम्ही चांगल्या चाकाला नावं ठेवाल.

क्लच

क्लचचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ कापडाने पुसून कोरडा करा, त्यानंतर त्याला बोट लावू नका. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. सहसा स्प्रिंगांचा उंच भाग प्रेशर प्लेटकडे येतो. प्लेट स्प्रिंगचीच घ्या. मधे स्प्रिंग नसलेली रेसची प्लेट हलक्या चाकासोबत लावली तर हादरे शोषायला काहीच उरत नाही.

गाइड घालून प्लेट मध्यावर धरा, डॉवेलवर कव्हर बसवा. कव्हरचे बोल्ट आता ॲल्युमिनियमच्या चाकात जाणार आहेत, त्यामुळे प्रत्येक बोल्ट किमान चार-पाच फेरे बोटांनीच गेला पाहिजे. मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. आठ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, पण आकडा मॅन्युअलचा किंवा चाक बनवणाऱ्याने दिलेलाच धरा. इथे जास्त जोर लावलात तर आटे जातील आणि नवं कोरं चाक आट्यांचं इन्सर्ट टाकायला लेथवर न्यावं लागेल.

गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे क्लच प्लेट बसते त्या खाचांवर, ग्रीस अगदी पुसटसं लावा. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि थेट प्लेटवर बसतं.

गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट स्प्लाइनमध्ये शिरत नसेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूने गिअरबॉक्सचं आउटपुट थोडं फिरवा, चौथ्या गिअरमध्ये टाकून. बेल हाउसिंग इंजिनाला हाताने टेकलं पाहिजे. पाव इंच फट राहिली असताना बोल्टाने ओढणं ही नव्या माणसाची सगळ्यात महाग चूक. हाउसिंगचा कान तुटतो किंवा प्लेट वाकते. मागे घ्या, क्लच प्लेट मध्यावर आहे का बघा, पुन्हा लावा.

बाकीचं काढलं त्याच्या उलट क्रमाने, फोटो बघत. गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच आणि भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. केबलच्या गाडीत क्लच पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलच्या मापाने लावा.

पहिल्यांदा चालू करताना

न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून, आधी दोन-तीन सेकंदच स्टार्टर फिरवा आणि ऐका. रिंग गिअर नीट लागला असेल तर आवाज नेहमीसारखाच येईल. खरखर आली तर लगेच थांबा.

इंजिन सुरू झाल्यावर आरपीएम थोडा डुलेल. बॅटरी काढलेली असल्यामुळे इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला आयडल नव्याने शिकायला वेळ लागतो. एसी बंद ठेवून दहा मिनिटं तापू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून बारीक खडखड येईल, क्लच दाबला की ती थांबेल. हे हलक्या चाकाचं नेहमीचं लक्षण आहे, त्याने घाबरू नका. क्लच दाबल्यावर उलट आवाज वाढत असेल, तर मात्र रिलीज बेअरिंग तपासा.

पहिले दोन दिवस गाडी सिग्नलवर बंद पडेल, हे गृहीत धरा. जड चाकात साठलेली गती आधी तुम्हाला सांभाळून घेत होती, ती आता निम्मी झाली आहे. क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटर किंचित जास्त द्या, १५०० च्या आसपास. मी हे शिकायला रविवारी सकाळी सात वाजता सुपर कॉरिडॉरला जात होतो, रस्ता मोकळा असतो. जवाहर मार्गावर संध्याकाळच्या गर्दीत शिकायला जाऊ नका, मागच्यांचे हॉर्न ऐकून हात-पाय आणखी चुकतात. वरचा गिअर टाकतानाही आता घाई करावी लागते, कारण आरपीएम पटकन खाली येतो. रेंगाळलात तर गाडी झटका देते.

नव्या क्लचला पहिले ८०० किलोमीटर शहरातच बसू द्या. जोरात निघणं, घाटात क्लचवर गाडी धरून ठेवणं, ओझं ओढणं यातलं काही नको. चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक. स्टीलची चकती आणि तिच्याखालचं ॲल्युमिनियम यांना क्लच घसरवण्याची सवय लावू नका.

या ८०० किलोमीटरच्या आत दोनदा गाडी उचलून बेल हाउसिंगच्या खालच्या छोट्या भोकाजवळ बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर सील बसलं. तेल लागलं तर त्याचा वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. यावरून पुढचं सील गळतं आहे की मागचं, हे गिअरबॉक्स न उतरवता कळतं. कोरडं राहिलं, की मग खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे जा. भेरूघाटाच्या वळणांवर तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना ॲक्सिलरेटरला नुसता टिचका द्या. आरपीएम जागच्या जागी चढतो आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. माझे दोन वीकेंड आणि एक क्लच प्लेट त्या एका क्षणापायी गेली, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मूळ फ्लायव्हील मात्र भंगारात देऊ नका. गाडी विकताना नवा मालक तेच मागेल, आणि जुन्या मॉडेलची चाकं आता मिळेनाशी झाली आहेत. इंजिन ऑइलचा हात फिरवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून, आडवं ठेवा. आमचं माळ्यावर आहे, पहिल्या दातावर बाबांची खडूची खूण अजून दिसते.